घसरणाऱ्यांची वंशावळ

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, लांबट, वाण्याकडे उधारीची असते तसली. टपाल नाक्याजवळच्या दुकानातून ती मुद्दाम आणली, कारण साध्या वहीत रकाने पुरत नव्हते. तिच्यात मी आणि माझा पुतण्या जपानी माणसांच्या पिढ्या लावतो. ही माणसं आमच्या नात्यातली नाहीत. त्यांच्याशी आम्ही कधी बोललो नाही, आणि बोलायची वेळ आली तर भाषा येत नाही. कुणी खेकडे पकडणारा, कुणी पेट्रोल पंपावरचा, कुणी बुटांच्या दुकानात नोकरीला. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ती येतात, दोराला लोंबकळतात, वर वळत गेलेल्या भिंतीवर धाव घेतात, घसरतात, खालच्या पाण्यात पडतात आणि ओल्या कपड्यांनी घरी जातात. यातला कोण कुठल्या पिढीचा, हे ठरवण्यात जुन्या पनवेलमधल्या एका माडीवर आमची रविवारची दुपार जाते.

घरात याला वेडेपणा म्हणतात. मीही तेच म्हणतो, आणि त्याची स्तुती करायला बसलो आहे. मूर्खपणाकडे नीट बघायची आपल्याकडे जुनी रीत आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खाच्या. सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं नाही. वेगळे केले, ओळखले, ज्याला त्याला जागा दिली. पाण्यात पडणाऱ्यांसाठी कुणीतरी तेवढं करावं, असं मला मनापासून वाटतं.

जपानी माणूस पाण्यात पडतो हे आपण सगळ्यांनी आधी पाहिलं ते ‘टाकेशीज कॅसल’मध्ये. टीबीएस या जपानी वाहिनीवर तो १९८६ ते १९९० या काळात चालला. आपल्याकडे पोगोवर आला तो जावेद जाफरीच्या हिंदी बोलण्यासकट, आणि घराघरांत पोरं ताट मांडीवर घेऊन हसली. मीही हसलो. माणसं येत, दगडावरून दगडावर उड्या मारत, एखादा दगड खोटा निघे, माणूस बुडे, पुढचा येई. बुडालेल्याचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नसे. तो गेला की गेला. एवढी माणसं पडताना पाहिली आणि त्यातलं एकाचंही नाव आज मला सांगता येत नाही, याची मला आता खंत वाटते.

त्याच टीबीएसनं १९९७च्या सप्टेंबरात ‘सासुके’ सुरू केला. दर खेपेला साधारण शंभर जण, छातीवर एक ते शंभर क्रमांक. चार टप्पे. पहिल्यात घड्याळ मागे लागलेलं असतं. तिसऱ्यात पायाखाली काही नसतं. बोटांची पेरं मावतील एवढ्याच पट्टीला धरून माणूस हवेत बाजूला सरकत जातो. चौथ्यात उंच मनोरा आणि वर जायला दोर. २०२० सालच्या अखेरीपर्यंत अशा अडतीस स्पर्धा झाल्या आणि चारही टप्पे पार करणारी माणसं निघाली चार. काझुहिको अकियामा १९९९ साली, माकोतो नागानो २००६ साली, युजी उरुशिहारा २०१० आणि पुन्हा २०११ साली, युसुके मोरिमोतो २०१५ आणि पुन्हा २०२० साली. चार माणसं, सहा वेळा. बाकीचे सगळे कुठे ना कुठे पडले.

जिंकणाऱ्यांचीच नोंद ठेवायची तर वहीच्या चार ओळी पुरल्या असत्या. आमची वही लागली ती उरलेल्यांसाठी.

पिढ्यांची नावं आम्ही पाडलेली नाहीत. ती तिकडेच पडली. कार्यक्रमानं आणि बघणाऱ्यांनी मिळून पाडली. पहिली ऑल-स्टार्सची. हे सहा जण: अकियामा, नागानो, कात्सुमी यामादा, शिंगो यामामोतो, तोशिहिरो ताकेदा आणि बुनपेई शिरातोरी. त्यानंतरची ‘शिन सेदाई’, म्हणजे नवी पिढी, उरुशिहारा तिचा. आणि तिच्यानंतरची मोरिमोतोच्या नावानं ओळखली जाणारी. सहा ऑल-स्टार्सपैकी दोघेच जिंकले. चौघांनी एकदाही मार्ग पुरा केला नाही, तरी सहाही नावं एका दमात घेतली जातात. जिंकलेला नागानो आणि न जिंकलेला ताकेदा एकाच ओळीत बसतात; ताकेदा हा आगीच्या बंबावरचा माणूस. ओळीत कोण आधी, कोण नंतर यावर आमच्यात एकदाही वाद झाला नाही. ओळ कुठे संपवायची, यावर मात्र होतो.

पुतण्या म्हणतो, “काका, नागानो आला तेव्हा अकियामा जिंकून मोकळा झाला होता. मग दोघं एका पिढीत कसे?” प्रश्न बिनतोड आहे. वयाचा हिशेब लावला तर यामादा १९६५चा आणि नागानो त्याच्याहून सहा-सात वर्षांनी धाकटा. पहिल्यांदा आल्याचं साल धरलं तर यामामोतो पहिल्या स्पर्धेपासून प्रत्येक स्पर्धेत आहे, एकही चुकवलेली नाही. मग तो कुठल्या पिढीचा? त्याच्या डोळ्यांसमोर तिन्ही पिढ्या आल्या. पेट्रोल पंपावर काम करणारा हा माणूस शिन सेदाईबरोबरही पडला आणि मोरिमोतोच्या वेळच्या पोरांबरोबरही पडला. तरी त्याचं नाव ऑल-स्टार्समधून कुणी काढलं नाही, आम्हीही काढणार नाही.

यावर शहाणी माणसं जे म्हणतात ते मला पाठ आहे. भिंतीला पिढी कळत नाही. भिंत सगळ्यांना सारखीच, तिला फक्त तळव्याची पकड आणि धावेचा जोर समजतो. पिढ्या लावणं हा बघणाऱ्यांचा उद्योग, पळणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. शिवाय वयोगट करायचेच असतील तर रीतसर करावेत. आपल्याकडे शाळेच्या स्पर्धांना चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील असे गट असतात. कबड्डीत किशोर, कुमार असतात. जन्माचा दाखला दाखवला की काम झालं. मॉडर्न पेंटॅथलॉनमधून आता घोडेस्वारी गेली आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तिथं अशाच अडथळ्यांची शर्यत येते आहे; तिथंही तारखेवरून गट ठरतील.

वयोगटांबद्दल माझं काही म्हणणं नाही. दहा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांच्या गड्यासमोर उभं करू नये, त्यासाठी ते हवेतच. पण वयोगट आयोजक ठरवतो आणि पिढी बघणारा ठरवतो. वयोगटात माणूस शिरतो आणि वाढदिवस आला की बाहेर पडतो. तिथं त्याची आठवण कुणी ठेवत नाही. पिढीतून बाहेर पडता येत नाही. अकियामाची दृष्टी जन्मापासून अधू. होक्काइदोत खेकडे पकडायला समुद्रात जाणारा हा माणूस १९९९ साली जिंकला, आणि त्यानंतर त्याला पहिला टप्पासुद्धा अनेकदा पार झाला नाही. जिंकलेला माणूस पुन्हा पुन्हा पहिल्याच टप्प्यात पडतो हे वर्षानुवर्षं बघणं सोपं नसतं. कुठल्याही वयोगटानं त्याला केव्हाच नारळ दिला असता. पिढीनं दिला नाही.

आणि भिंत सगळ्यांना सारखीच असते, हेही खरं नाही. सासुकेत कुणी चारही टप्पे पार केले की तो मार्ग मोडतात आणि नवा, अधिक अवघड बांधतात. अकियामा जिंकला आणि त्यानं पार केलेला मार्ग गेला. नागानो जिंकला, तेव्हाही तेच. एकाच्या जिंकण्यानं मागच्या सगळ्यांची ओळखीची भिंत नाहीशी होते. वर्षभर घरामागे ज्या अडथळ्याची नक्कल बांधून सराव केला, तो अडथळाच पुढच्या खेपेला नसतो. म्हणून मी पुतण्याला सांगतो की पिढी जन्मसालावरून लावू नकोस, कोण कुठल्या भिंतीवरून घसरला त्यावरून लाव. ज्यांनी एकच भिंत अंगानं ओळखली ते एका पिढीचे. हे त्याला पटलं. त्यानं वहीत नवा रकाना आखला: ‘भिंत’.

आम्हाला हे सुचायचं कारण आमच्याच आळीत आहे. आमचं गोविंदा पथक. पनवेल हे गावच पिढ्यांत विभागलेलं. जुनं पनवेल आणि नवीन पनवेल. नगरपालिका १८५२ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ची. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि तिनं रुळांच्या पलीकडे जे वसवलं त्याला नवीन पनवेल म्हणायला सुरुवात झाली. त्या ‘नवीन’मधल्या कितीतरी इमारती आता पुनर्विकासाची वाट बघतायत, तिथं लहानपण गेलेल्यांची नातवंडं शाळेत जातात, आणि रिक्षावाल्याला आपण अजून सांगतो, “नवीन पनवेल.” शिन सेदाईचं तसंच झालं. ती नवी पिढी आज चाळिशीच्या पुढे-मागे आहे आणि नाव अजून नवी पिढीच. मला यात काही चूक दिसत नाही. नाव पडलं त्या दिवशी ती नवी होती, आणि नावानं तो दिवस धरून ठेवला आहे.

पथकात मी सतरा वर्षं पायात होतो. पायात म्हणजे सगळ्यात खालच्या थरात. बाहेरच्याला वाटतं की दहीहंडी वरच्या पोराची असते. खाली उभं राहिल्याशिवाय ती कळत नाही. खालचा माणूस वर बघत नाही. मान खाली, हात शेजाऱ्याच्या दंडात, कपाळ पुढच्याच्या पाठीला टेकलेलं. समोर दिसतात ती फक्त ओली पावलं आणि डांबर. वर काय चाललंय ते खांद्यावरच्या वजनावरून कळतं. दुसरा थर चढला की वजन येतं ते सरळ येतं. तिसरा चढताना ते डावीकडून उजवीकडे फिरतं. चौथा, पाचवा लागला की वजन वाढतंय असं वाटत नाही, ते थरथरतं. आणि ती थरथर एकदम थांबली की समजायचं, वरचा एक्का उभा राहिला. तेवढ्यात वाजणाऱ्या शिट्ट्या आपल्या कानात शिरत नाहीत. त्यानंतरचं खरं काम उतरवण्याचं. थर लावला आणि सुखरूप उतरवला, तर सलामी दिली असं आमच्याकडे म्हणतात. नुसता लावला तर त्याची गोष्ट पोरं दुसऱ्या दिवशी सांगतात, आणि जुनी माणसं ऐकून गप्प बसतात.

पथकात पिढ्या कशा लागतात ते मी सांगतो. कुणीही वय विचारत नाही. “हा कुठला?” म्हटलं की उत्तर येतं, “हा पाच थरांच्या वेळचा.” किंवा “सात लावायला गेलो आणि विश्राळी नाक्यावर बसलो, त्या वर्षीचा.” बसलो म्हणजे थर कोसळला. त्या वर्षी जे खाली होते त्यांची एक पिढी झाली. त्यांत एकोणीस वर्षांचा कॉलेजातला पोरगा होता आणि बेचाळीस वर्षांचा मासळीवाला होता. कोसळताना दोघं एकमेकांच्या अंगावर पडले. आज पोरगा पुण्यात नोकरीला आहे, आणि गोपाळकाल्याला घरी आला की आधी त्या मासळीवाल्याकडे जातो, मग आईकडे. हे नातं जन्माच्या दाखल्यातून निघत नाही.

माझ्या पुतण्याची पिढी तर कोर्टानं ठरवली. २०१३ साली तो अकरा वर्षांचा होता आणि आमचा एक्का होता. हलका, पाय घट्ट, वर गेल्यावर खाली न बघणारा. पुढच्या वर्षी ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की अठरा वर्षांखालील कुणाला थरावर चढवायचं नाही आणि थर वीस फुटांच्या वर न्यायचे नाहीत. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परत आलं, आणि २०१७ साली उंचीची अट उठली, वयाची चौदावर आली. तोवर पुतण्या पंधराचा झाला होता. वय बसत होतं, वजन बसत नव्हतं. वर जायचं राहिलं ते राहिलंच. त्याच्यासारखी कितीतरी पोरं मुंबई, ठाणे, पनवेलमध्ये आहेत. बाराव्या वर्षी खाली उतरवली गेली आणि पुन्हा वर जाण्याआधी मोठी झाली. दोन आदेशांच्या मधली पिढी. कोर्टाचं बरोबर होतं. मी स्वतः त्या पोराला वर चढताना खालून धरलेलं आहे, आणि त्याचं वजन खांद्यावर आलं नाही त्या प्रत्येक क्षणी माझा श्वास अडकलेला आहे. लहान मुलं पडून जायबंदी झालेली आपण पाहिली, जिवानिशी गेलेली वाचली. वेडेपणाला मी जेव्हा चांगलं म्हणतो तेव्हा तो मोठ्या माणसानं स्वतःच्या हाडांवर केलेला धरतो. आता डोक्याला हेल्मेट असतं, वरच्याला दोर असतो, सरकारनं २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळात घेतलं, विमा आला. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं.

पण त्या मधल्या पिढीला नाव द्यायला कोर्ट आलं नाही, सरकार आलं नाही. ते पथकातल्या अण्णांनी केलं. अण्णा म्हणजे आमचे शिकवणारे, सत्तरीचे, कोळीवाड्यातले. एका सरावाच्या रात्री पुतण्या मागे भिंतीला टेकून उभा होता. पायाला जड नाही, वरला हलका नाही, कुठे घालावा कळेना. अण्णा म्हणाले, “तुमी चौदाची पोरं पुढं या.” चौदा म्हणजे २०१४. पाच-सहा जण पुढं आले. त्या रात्रीपासून ते ‘चौदाची पोरं’. अण्णांनी त्यांचा मिळून तिसरा थर बांधला. तो थर आजपर्यंत कोसळलेला नाही असं म्हणायची माझी इच्छा आहे, पण दोनदा कोसळला. दोन्ही वेळा तेच सहा जण परत आले.

पिढी परत येण्यानं होते, हे मला त्या सहा जणांकडे बघून कळलं, आणि मग सासुके बघताना जास्त कळलं. टाकेशीज कॅसलमधल्या बुडालेल्यांची पिढी झाली नाही, कारण ते परत आलेले आपल्याला कधी दिसले नाहीत. सासुकेतला यामादा परत येतो. त्याच्याबद्दल वहीत सर्वांत जास्त पानं आहेत. सुरुवातीच्या एका स्पर्धेत तो चौथ्या टप्प्याच्या दोरावर अगदी वरपर्यंत पोहोचला होता, हातभर उरलं असताना वेळ संपली. त्यानंतर त्यानं आयुष्य त्या हातभर अंतराला वाहिलं. नोकरी गेली. आपल्याकडे सासुकेशिवाय काही नाही, असं तो कॅमेऱ्यासमोर बोलून गेला. आणि इतकं करून तो वर्षानुवर्षं पहिल्याच टप्प्यात पडत राहिला. २०१२च्या अखेरच्या स्पर्धेत बहुतेक ऑल-स्टार्सनी निरोप घेतला, तेव्हा त्यानंही घेतला. मग काही वर्षांत परत आला. पुन्हा पडला. वयाच्या ज्या टप्प्यावर आपल्याकडे माणूस मुलीच्या लग्नाच्या हॉलची चौकशी करत असतो, त्या वयात हा माणूस उघड्या दंडांनी भिंतीवर धावून जातो.

मला विचारा, मोठा माणूस कोण. चारही टप्पे दोनदा पार करणारा मोरिमोतो मोठा आहेच. पंधराव्या वर्षी, २००७ साली, तो पहिल्यांदा उतरला; ऑल-स्टार्सना टीव्हीवर बघत वाढलेला मुलगा. आठ वर्षांनी, तेविसाव्या वर्षी, त्यानं मार्ग पुरा केला. पण यामादा नसता तर मोरिमोतोनं लहानपणी कुणाकडे बघितलं असतं? जिंकणाऱ्याकडे बघून जिंकायची इच्छा होते. परत परत येण्याची इच्छा परत येणाऱ्याकडे बघूनच होते. यामादानं पुढं तरुणांची तुकडी बांधली, तिचं नाव कुरोतोरा, म्हणजे काळा वाघ. स्वतः कधीच मार्ग पुरा न केलेला माणूस दुसऱ्यांना तो मार्ग शिकवतो आणि ते शिकतात. आमच्या अण्णांनीही आयुष्यात सात थरांच्या वर कधी लावले नाहीत, आणि त्यांच्या हाताखालची पोरं आज इतर पथकांत जाऊन आठ लावतात.

सासुकेत एक गोष्ट मला फार आवडते. कुणी धावायला लागला की त्याच्या ओळखीचे, आधी पडलेले, ओल्या कपड्यांतले, मार्गाच्या कडेनं त्याच्याबरोबर धावतात आणि ओरडून सांगतात. पाय कुठे टाक, किती सेकंद उरले, थांबू नकोस. स्पर्धा आहे, तरी कुणी कुणाची अडचण करत नाही. सगळ्यांचं वैर मार्गाशी. त्या कडेनं धावणाऱ्यांत जुन्या पिढीतले जास्त असतात, कारण ते आधीच पडलेले असतात. आमचा कमी पडणारा माणूस पायात जातो. वय वाढलं, वजन वाढलं की एकेक थर खाली येत जायचं, आणि शेवटी मागे उभं राहून हात वर करून आधार द्यायचा. थरांतली सोय ही की म्हातारं होणाऱ्याला खाली जागा तयार असते. सासुकेत माणूस एकटा चढतो, त्याच्या खाली थर नसतो. मग कडेनं धावायचं. तेही न जमलं तर कुणाच्या तरी वहीत राहायचं.

वहीचं खूळ माझ्या डोक्यात त्र्यंबकेश्वरला शिरलं. वडिलांचे विधी करायला गेलो होतो. आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं, आत जाऊन कापडात बांधलेली नामावळी आणली, लांबट, कडा झिजलेली, आणि पानं उलटता उलटता बोट ठेवलं: माझे पणजोबा. कुठल्या साली आले, बरोबर कोण होतं, आणि खाली त्यांची सही, मोडीत. पणजोबांनी आयुष्यात काय मिळवलं, काय गमावलं, कशात पडले, त्या वहीत एक अक्षर नाही. त्या वहीत यायची अट एकच, माणूस तिथं आला पाहिजे. गुरुजींनी मला माझी सही करायला सांगितली, पणजोबांच्या सहीखाली तीन सह्या सोडून. घरी परत येताना कसाऱ्याच्या घाटात मी ठरवलं की यामादासाठी असं पान हवं.

यात कुणाचा फायदा नाही, हे मला माहीत आहे. यामादाला आमच्या वहीचा पत्ता नाही. त्याच्या पोटापाण्याला ती उपयोगाची नाही, आमच्याही नाही. पण माझा पुतण्या, दोन आदेशांच्या मधे अडकलेला पोरगा, जेव्हा उरुशिहाराला शिन सेदाईत घालायचं की मोरिमोतोच्या पिढीचा थोरला म्हणायचं यावर माझ्याशी तासभर भांडतो, तेव्हा तो कशासाठी भांडतो ते मला दिसतं. उरुशिहारा बुटांच्या दुकानातला. दोनदा जिंकला, आणि पुढच्या पिढीसाठी मार्ग दोनदा मोडला गेला तो त्याच्याचमुळे. “त्याला मोरिमोतोकडे टाकलं तर त्याच्याबरोबर पडलेले एकटे पडतील, काका,” असं पुतण्या म्हणाला. मी तिथंच हरलो आणि उरुशिहाराचं नाव शिन सेदाईत पक्कं केलं. शाईनं.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला नेहमीसारखा सराव सुरू झाला. आळीत दिव्याच्या खांबाखाली, पावसाची भुरभुर, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, बामाचा वास. चौदाच्या पोरांना अण्णांनी तिसऱ्या थरातून दुसऱ्यात उतरवलं. सगळ्यांची लग्नं ठरायला लागली आहेत, अंगं भरली आहेत. पुतण्याच्या खांद्यावर मी हळद-तेल चोळलं, कारण पहिल्या रात्री तिथली कातडी सोलते. नवा एक्का आला होता, नुकतीच चौदा पुरी केलेला, शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन. चढायच्या आधी तो आमच्याजवळ बसला. पुतण्या मोबाईलवर यामादाचं जुनं धावणं बघत होता. भिंत, धाव, हात कडेला लागले, सुटले, पाणी.

“हा कोण?”

“यामादा.”

“पडला?”

“पडला.”

“मग?”

“मग पुढल्या वेळी आला.”

“तेव्हा चढला?”

“नाही. पडला.”

पोरानं थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. “कुठल्या थराला असतो हा?”

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, “पायात.”

अण्णांची शिट्टी झाली. पोरानं हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढला, दाखल्याची झेरॉक्स भिजू नये म्हणून माझ्या खिशात कोंबली आणि पुतण्याच्या गुडघ्यावर पाय ठेवून चढायला लागला.